ओल्या फडक्यावर चालणारी गाडी

ग्वाल्हेरच्या मेळ्यात माणसं पाळण्यात बसायला जातात आणि मोटार घेऊन परत येतात. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली हा मेळा सुरू केला तो गुरांच्या खरेदी-विक्रीसाठी. आता बैलांच्या जागी गाड्या उभ्या असतात. अलीकडच्या बऱ्याच मेळ्यांत इथे घेतलेल्या नव्या वाहनाला राज्य सरकारने वाहनकरात निम्मी सूट दिली आहे. अट एवढीच की नोंदणी ग्वाल्हेरच्या आरटीओत व्हायला हवी. मग काय, दूरदूरच्या जिल्ह्यांतली कुटुंबं थंडी-धुक्यात इथे येतात आणि एमपी ०७ च्या पाटीचं स्वप्न बघत मंडपामंडपातून हिंडतात.

संपादकांनी मला याच गर्दीवर लिहायला धाडलं होतं. एका मंडपात विक्रेत्या मुलाने नव्या गाडीचं बॉनेट उघडलं. आत इंजिन असावं, पण दिसत होतं ते काळं प्लास्टिकचं झाकण. माझ्या शेजारी मफलर गुंडाळून एक वयस्क गृहस्थ उभे होते. त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा वर केला आणि विचारलं, ''इसका पेट्रोल पंप कहाँ है?''

मुलाने अदबीने हात लांब केला. ''सर, मेन गेटच्या बाहेर पडलात की डावीकडे.''

तो हिंदीत बोलला, मी मराठीत हसलो, आणि गृहस्थांनी माझ्याकडे वळून पाहिलं. ''मराठी का? चला मग घरी. पेट्रोल पंप दाखवतो.''

मेळ्यावरचा लेख तिथेच राहिला. त्या गृहस्थांना घरात सगळे नाना म्हणतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या वाड्याच्या देवडीत त्यांची फिकट निळी प्रीमियर पद्मिनी उभी आहे. १९७५ ची. शेजारच्या खोलीत त्यांच्या थोरल्या बहिणीचं, अक्कांचं, बिऱ्हाड. या गाडीचे जेवढे भाग बदलले गेले, तेवढ्याच हकिकती तिच्यासोबत शिल्लक आहेत. आणि त्यातल्या बहुतेकांत गुन्हेगार दहा वर्षांच्या आतला आहे.

ग्वाल्हेरला मोटारीचं कौतुक जुनं. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली. सह्याद्रीचे घाट चढून-उतरून एका रोल्स-रॉइसने ती गाजवली; 'पर्ल ऑफ द ईस्ट' हे तिचं नाव. ती गाडी नंतर ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. जेवणाच्या टेबलावर रुळ टाकून चांदीच्या आगगाडीने पाहुण्यांना मद्य आणि सिगार फिरवणारं हे संस्थान. यंत्राशी खेळणं इथे राजमान्यच होतं. पण राजवाड्यातल्या गाडीला शोफर असतो, हुजऱ्या असतो, आणि तिच्या चोकला कोणी पाण्याची बाटली अडकवत नाही. ते भाग्य मध्यमवर्गाच्या गाडीचं.

मध्यमवर्गाच्या नशिबी तेव्हा मुख्यतः दोनच गाड्या होत्या. एक बिर्लांची ॲम्बेसेडर, दुसरी वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची फियाट. ग्वाल्हेरात बिर्लांची जे. सी. मिल, तिच्यामुळे अख्ख्या वस्तीचं नाव बिर्लानगर. तेव्हा ॲम्बेसेडरचं वजन असणारच. पण नानांच्या आजोबांचा हिशेब निराळा होता. वालचंद सोलापूरचे, म्हणजे गाडी आपल्याकडची. ही गाडी मुळात इटलीची आहे, हे त्यांना कोणी सांगितलं तर ते ऐकू न आल्यासारखं करत.

होती ती इटलीचीच. फियाट ११००-१०३ जिनिव्हाच्या प्रदर्शनात १९५३ साली आली आणि पुढच्याच वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यात जुळू लागली. तिच्या गुबगुबीत पाठीमुळे आपल्या लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' करून टाकलं. पुढे चेहरा बदलला, शेपटी आली, १९७२ मध्ये ती 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये चित्तोडच्या राणीच्या नावावरून 'पद्मिनी'. १०८९ सीसीचं इंजिन मात्र पोटात तेच राहिलं. इटलीने ११०० बनवणं १९६९ मध्ये थांबवलं. आपण ती आणखी तीस वर्षं बनवत राहिलो. मागणी एवढी की नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. अक्का सांगतात, ''नंबर लावला तेव्हा मी फ्रॉकात होते. गाडी आली तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघून राहिले होते.''

त्याआधी घरात एक वापरलेली डुक्कर फियाट होती. तिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरीवर होते, म्हणजे आजच्या गाड्यांच्या उलटे. खटका नीट बसला नाही तर वारा दार मिटवत नसे, सताड उघडत असे. एका दिवाळीत बाड्यावर वळण घेताना अक्कांच्या बाजूचं दार असंच उघडलं. आईने अक्कांना दंडाला धरून आत ओढलं, पण मांडीवरचा फराळाचा डबा गेला. महाराज बाड्याच्या त्या गोल चौकात बेसनाचे लाडू चारी दिशांना धावले. दुकानदारांनी ते वेचून आणून दिले आणि आईने ''ठेवा, तुम्हीच खा'' म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाने लाडवात वेलची जास्त झाल्याचा निरोप पाठवला.

पद्मिनीची दारं सरळ होती. तिने पोरांना दुसरी साधनं पुरवली. पुढे एकसंध बाक, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खाली, त्यामुळे चालक आणि आजोबा यांच्यामध्ये एक मूल आरामात बसे. त्याच्या समोर डॅशबोर्डावर बोटाने ओढता येतील अशी बटणं. यातलं एक चोकचं. थंड इंजिन सुरू करताना हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळावं म्हणून ते बाहेर ओढायचं आणि इंजिन गरम झालं की आत ढकलायचं. ग्वाल्हेरच्या जानेवारीत त्याच्याशिवाय पान हलत नाही.

एका वर्षी फेब्रुवारीपासून गाडी काळा धूर ओकू लागली. ॲव्हरेज पडलं. वडील दर रविवारी प्लग काढून काजळी घासत. आजोबांनी भेसळीचा संशय घेऊन पेट्रोल भरायची जागा दोनदा बदलली आणि दोन्हीकडे भांडून आले. मे महिन्यात गाडी आपोआप सुधारली. आजोबांना वाटलं, भांडणाचा परिणाम. जुलैत शाळा उघडली आणि धूर परत सुरू. तेव्हा मिस्त्रीला बसवून सकाळची फेरी मारली गेली. शाळेच्या फाटकापर्यंत त्याने काही म्हटलं नाही. मग छोट्या नानांच्या पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवलं. बाटलीचा पट्टा चोकच्या बटणाला अडकवलेला होता. खड्ड्याखड्ड्याला भरलेली बाटली बटण थोडं थोडं बाहेर ओढत होती. सुट्टीत बाटली नव्हती, म्हणून धूर नव्हता.

हँडब्रेकची हकिकत याहून सरळ आहे. देवडी रस्त्याकडे उतरती. नाना आणि चुलतभाऊ बंद गाडीत बसून मुंबईला निघाले होते. गुना येईपर्यंत सगळं तोंडी चाललं. पुढे इंदूरच्या चढाला नानांनी दांडी न्यूट्रलला आणली आणि चुलतभावाने हँडब्रेक सोडला. गाडी खरोखरच निघाली. बाहेर खाटेवर आजोबांची हजामत चालू होती. गाडीने खाटेला टेकून तिला, आजोबांना आणि वस्तरा वर धरलेल्या न्हाव्याला सावकाश समोरच्या भिंतीपर्यंत नेऊन ठेवलं. कोणाला ओरखडा नाही. अर्ध्या गालावर साबण घेऊन आजोबा पोरांमागे धावले तेव्हा ''आधी दुसरी बाजू करू द्या'' म्हणत न्हावी त्यांच्यामागे.

या गाडीत मूल नुसतं बसत नव्हतं, हे मला त्या दुपारी दिसलं. दांडीखालचे गिअरचे रॉड झिजले की दोन गिअर एकमेकांत अडकत. वडील बॉनेट उघडून हाताने रॉड ओढत आणि आतलं मूल दांडी न्यूट्रलला धरून बसे. धक्का द्यायला सगळी भावंडं, पण 'आता!' म्हणायला सगळ्यांत धाकटं. आणि उन्हाळ्यात आणखी एक हुद्दा असे. तो नानांकडे होता. फडकेवाला.

इथे तो पेट्रोल पंप येतो, ज्याच्यासाठी मी मेळा सोडून आलो होतो. नानांनी बॉनेट उचललं आणि इंजिनच्या कुशीला चिकटलेली मुठीएवढी धातूची डबी दाखवली. पेट्रोलची टाकी मागे, इंजिन पुढे. मधला प्रवास या डबीच्या जोरावर. आत रबरी कापडाचा पडदा असतो, डायफ्रॅम. इंजिनातल्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा एका दांडीला ढकलतो, दांडी पडदा खाली ओढते, आणि त्या पोकळीत टाकीकडून पेट्रोल येतं. मग स्प्रिंग पडदा वर ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. आत येणारं मागे जाऊ नये, बाहेर गेलेलं परत येऊ नये म्हणून दोन चिमुकल्या झडपा. बस, एवढंच यंत्र. वीज नाही, सेन्सर नाही.

आणि एकच दुखणं. हा पंप तापलेल्या इंजिनला बिलगून असतो. ग्वाल्हेरचा मे महिना ४५ अंशांच्या घरात. नळीतलं पेट्रोल उकळतं आणि त्याची वाफ होते. द्रव दाबला तर पुढे जातो; वाफ दाबली तर नुसती आक्रसते आणि सोडली की फुगते. पडदा वरखाली होत राहतो, कार्ब्युरेटर कोरडा पडतो, गाडी दोन आचके देऊन थांबते. सगळे त्याला 'एअर लॉक' म्हणतात. उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं, डबी निवते, वाफेचं परत पेट्रोल होतं.

म्हणून लग्नसराईत आग्रा-मुंबई रस्त्याने नाशिकला निघायचं तर ही मंडळी पहाटे चारला घर सोडत, आणि सुरईतल्या पाण्यावर पहिला हक्क पंपाचा, दुसरा आजींचा, उरलं तर पोरांचा. गुन्याच्या पुढे एका धर्मशाळेपाशी गाडी हटून बसली. फडकं मागे कुठेतरी राहिलं होतं. वडील ओरडले, ''ओलं काहीतरी आण!'' आठ वर्षांच्या फडकेवाल्याला जवळ एकच ओलं वस्त्र दिसलं. विहिरीवर आंघोळ करून आजींनी झुडपावर वाळत घातलेलं सोवळं. ते पंपावर पडलं आणि पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली. मामा म्हणाले, ''हा सोवळ्याचा गुण.'' आजी त्या दिवशी केळ्यांवर राहिल्या आणि बिजासन घाट उतरेपर्यंत नातवाशी बोलल्या नाहीत.

दुसरी हकिकत आग्र्याच्या बाजूची. १९७२ च्या एप्रिलमध्ये जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर चंबळच्या बागींनी शस्त्रं खाली ठेवली होती, तरी मुरैना ते धौलपूर हा टप्पा अंधार पडायच्या आत उरकायची घरोघरची सवय काही सुटली नव्हती. बेहडांच्या, म्हणजे चंबळच्या घळींच्या, मध्येच एअर लॉक झालं. सूर्य टेकला होता. घोंगडी पांघरलेले दोघे जण चालत आले. आईने बांगड्या उतरवून हाताला लागेल त्या डब्यात कोंबल्या. त्या दोघांनी 'राम राम' केलं, मडक्यातलं पाणी दिलं, धक्का दिला, आणि जागा असेल तर धौलपूरपर्यंत सोडा म्हणाले. गाडीत आधीच नऊ माणसं होती. ते हसून चालू लागले. बांगड्या कुठल्या डब्यात गेल्या ते मात्र आईला आठवेना. आग्र्याला यजमानांनी चिवड्याचा मोठा घास घेतला तेव्हा कळलं.

शिंदे की छावणीच्या मागच्या एका गल्लीत या गाडीचे मिस्त्री बसतात. चोकची बाटली ज्याने पकडली त्याचा हा मुलगा. तोही आता सत्तरीकडे झुकलेला, आणि नाना त्याला 'उस्ताद' म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा बाकावर नानांच्याच गाडीचा सुटा पंप होता. जानेवारीत एअर लॉक होत नाही. दुखणं वेगळं होतं. उस्तादांनी कानशीने डबीच्या दोन अर्धकांवरून एक आडवी रेघ मारली. उघडल्यावर वरचं-खालचं पुन्हा त्याच जागी जुळलं पाहिजे, नाहीतर नळ्यांची तोंडं भलतीकडे जातात. मग कडेचे स्क्रू सोडले. वरचा भाग निघाला आणि आतला पडदा दिसला: कडेला फुगून सुरकुतलेला, मध्ये ताठ झालेला. त्यांनी तो नखाने दुमडला तशी चीर पडली.

नवा पडदा बसवताना त्यांचे हात मंदावले. स्क्रू सगळे एकदम आवळायचे नाहीत. आधी नुसते टेकवायचे. मग दांडी पूर्ण दाबून पडदा ताणलेला ठेवायचा आणि समोरासमोरचे स्क्रू जोडीजोडीने घट्ट करायचे. पडदा सैल असताना आवळले तर पहिल्याच झटक्यात कडेला फाटतो. इंजिन आणि पंप यांच्या मधलं पॅकिंग तर त्यांनी दोनदा बदलून पाहिलं. जाड झालं तर दांडी कमी ढकलली जाते आणि पेट्रोल अपुरं येतं. शेवटी आत येणाऱ्या तोंडावर बोट ठेवून त्यांनी दांडी हलवली. बोट चिकटून राहिलं. ''ठीक है,'' एवढंच म्हणाले आणि चहा मागवला.

पडदा कशाने गेला, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी पेट्रोलची बाटली नाकाशी धरली. २०२३ च्या फेब्रुवारीपासून देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल विकायला सुरुवात झाली, आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. परकीय चलन वाचतं, ऊस आणि मका पिकवणाऱ्याला बाजार मिळतो. धोरणाला कारणं आहेत. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या रबराला इथेनॉल मानवत नाही. ते फुगतं, मग कडक होतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी त्याने आतून गंजते. जुन्या दुखण्यावर फडकं होतं. या दुखण्यावर दुसऱ्या जातीचं रबर लागतं, आणि ते लहान शहरातल्या दुकानात मागितलं की दुकानदार नव्या गाडीचं मॉडेल विचारतो.

सुट्या भागांची खाण म्हणजे मुंबईची काळी-पिवळी. हजारो पद्मिनी टॅक्सी रोज धावत होत्या तोवर त्यांच्यासाठी पडदे, किट, रॉड, बुश बनत होते आणि ग्वाल्हेरलाही पोचत होते. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. गिऱ्हाईक गेलं की कारखानदार काय म्हणून साचा जपून ठेवील? उस्तादांकडे एका पत्र्याच्या डब्यात उरलेले पडदे आहेत. ते मोजून दाखवत नाहीत.

कागदांची गोष्ट तर आणखी मजेशीर. मेळ्यात नव्या गाडीला करात निम्मी सूट. जुन्या गाडीचं मात्र, पंधरा वर्षांनंतरचं नोंदणी नूतनीकरण एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेलं आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने ते १०,००० केलं. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली: पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं, दहा वर्षांची मुदत. पण मग गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. नानांनी तो अर्ज वाचून परत ठेवला. ''दाल बाजारात जाऊन तूरडाळ आणायची नाही, तर गाडी कशाला?''

सगळ्यांत मोठी अडचण पैशाची नाही. उस्तादांचा मुलगा एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये आहे. लॅपटॉप जोडून दोष वाचतो. चांगलं करतो. त्याच्या हाती येणाऱ्या गाड्यांत पंप टाकीच्या आत बुडालेला असतो आणि बिघडला तर अख्खा बदलतात. त्या गाड्या रस्त्यात बंद पडत नाहीत, दार उघडं राहिलं तर ओरडतात, आणि लेकरांना मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून ठेवतात. हे सगळं बरंच आहे. देवडीतून सुटलेली ती गाडी खाटेऐवजी कोणा माणसाला टेकली असती तर आज कोणी हसत बसलं नसतं, हे अक्का स्पष्ट बोलतात. पण गाडी कशाने चालते हे आठ वर्षांच्या पोराला कळायची सोय मात्र त्या सुरक्षिततेबरोबर गेली. नानांच्या नातवाला गाडीची चारही चार्जिंगची भोकं माहीत आहेत. पंप दाखवला तर त्याने विचारलं, ''याला ब्लूटूथ आहे?''

माझं मत विचाराल तर पद्मिनी काही थोर गाडी नव्हती. जड स्टिअरिंग, अशक्त ब्रेक, उन्हाळ्यात लहरी. इटलीने सोडलेलं यंत्र आपण नाइलाजाने तीन दशकं ओढलं. मोठेपण एकच. तिचा प्रत्येक बिघाड डोळ्यांना दिसत होता आणि त्याच्या दुरुस्तीत घरातल्या सगळ्यात लहान माणसाला काम होतं.

तेव्हा तुमच्या अंगणात अशी एखादी जुनी फियाट किंवा ॲम्बेसेडर ताडपत्रीखाली असेल, तर तीन गोष्टी करा. पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवून घ्या, आणि टाकीत पेट्रोल महिनोन्महिने साठवू नका. नोंदणीची मुदत कधी संपते ते आजच पाहा. तिसरं, मिस्त्री येईल त्या दिवशी घरातल्या मुलाला शाळा बुडवून टॉर्च धरायला उभं करा. चावी मात्र उंच खुंटीवर ठेवा, आणि गाडी गिअरमध्ये.